पक्षी-वलयांकन

वन्य पक्ष्याला इजा न होऊ देता पकडणे, त्याच्या पायात क्रमांक व पत्ता कोरलेली हलकी धातूची कडी बसवणे, मोजमापे नोंदवणे आणि लगेच त्याला सोडून देणे, या पद्धतीला पक्षी-वलयांकन म्हणतात. रोजच्या बोलण्यात ‘रिंगिंग’ हाच शब्द चालतो. पुढे कधी तो पक्षी पुन्हा जाळ्यात आला, दुर्बिणीतून त्याची कडी वाचता आली किंवा तो मृत सापडला, की एकाच पक्ष्याच्या दोन नोंदी जुळतात. त्यातून त्याचा प्रवास, वय आणि जगण्या-मरण्याचा हिशेब मांडता येतो. ब्रिटनसारख्या देशांत हे काम पगारी शास्त्रज्ञांपेक्षा हौशी माणसेच अधिक करतात. मात्र हा एकट्याने जोपासण्याचा छंद नाही. कडीवरचा क्रमांक कोणत्याही मध्यवर्ती नोंदवहीत नसेल, तर ती कडी म्हणजे पक्ष्याच्या पायातले निव्वळ ओझे.

पद्धतशीर वलयांकनाची सुरुवात डेन्मार्कमधल्या व्हिबॉर्ग गावचे शिक्षक हान्स ख्रिश्चन कॉर्नेलियस मॉर्टेन्सन यांच्यापासून धरतात. १८९० मध्ये त्यांनी जस्ताच्या कड्या वापरून पाहिल्या, पण त्या जड पडल्या. १८९९ मध्ये त्यांनी स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात ॲल्युमिनियमच्या, क्रमांक आणि पत्ता असलेल्या कड्या घातल्या. आजच्या कडीची मूळ रचना तीच आहे. १९०१ मध्ये योहानेस थीनेमान यांनी बाल्टिक किनाऱ्यावर रॉसिटेन येथे पक्षी-वेधशाळा उभारली आणि दोन वर्षांत तिथेही वलयांकन सुरू झाले. युरोपातले पांढरे करकोचे आफ्रिकेला जाताना दोन वाटांनी जातात, काही बॉस्फरसवरून आणि काही जिब्राल्टरवरून, हे चित्र प्रामुख्याने अशा कड्यांमुळे स्पष्ट झाले. ब्रिटनमध्ये १९०९ साली एकदम दोन योजना निघाल्या : हॅरी विदरबी यांची लंडनमध्ये आणि आर्थर लँड्सबरो थॉमसन यांची ॲबरडीनमध्ये. विदरबींच्या योजनेतली एक कडी पेशाने वकील असलेल्या जॉन मेसफील्ड यांनी मे १९११ मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या आपल्या घरी एका भिंगरीला घातली. डिसेंबर १९१२ मध्ये ती भिंगरी दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतातल्या एका शेतघरात पकडली गेली आणि कडीवरच्या पत्त्यावर लंडनला पत्र आले. ब्रिटनच्या भिंगऱ्या हिवाळ्यात कुठे जातात, याबद्दल तोवर फक्त तर्क होते.

अशा गोष्टी वाचून नवखा माणूस या छंदाकडे ओढला जातो, आणि इथेच त्याची थोडी फसगत होते. लहान पक्ष्यांना कड्या घातल्या तर वलयांकनाच्या जागेपासून दूर कुठे सापडून ज्यांची खबर येते असे पक्षी शंभरात एकही नसतात. बहुतेक कड्यांचे पुढे काय झाले ते कधीच कळत नाही. आजच्या अभ्यासकाच्या दृष्टीने खरा माल वेगळाच आहे : त्याच झुडपात, त्याच पाणथळीत वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा जाळ्यात येणारा तोच पक्षी. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकापासून ठरावीक जागी, ठरावीक लांबीची जाळी, ठरावीक कालावधीत लावण्याची योजना चालू आहे. उत्तर अमेरिकेत तशीच योजना १९८९ मध्ये सुरू झाली. प्रौढ किती परतले आणि यंदाची पिल्ले किती, या दोन आकड्यांवरून प्रजातीची घट जगण्यातून होते आहे की विणीतून, हे सांगता येते. बोरूच्या बनात वीण करणारा सेज वॉर्बलर हा वटवट्या ब्रिटनमध्ये कमी-जास्त का होतो, याचे उत्तर याच प्रकारच्या नोंदींतून हजारो किलोमीटर दूर मिळाले. हा पक्षी हिवाळा काढतो त्या पश्चिम आफ्रिकेतल्या, सहाराच्या दक्षिण कडेच्या साहेल पट्ट्यात पाऊस कमी पडला, की पुढच्या वसंतात परतणारे प्रौढ कमी असतात.

पकडण्याचे मुख्य साधन म्हणजे मिस्ट नेट, म्हणजे बारीक काळ्या धाग्याचे, दोन काठ्यांमध्ये ताणलेले उभे जाळे. ते मूळचे जपानी; युरोप-अमेरिकेत त्याचा सर्रास वापर १९५० च्या दशकात सुरू झाला. आडव्या दोऱ्यांमुळे जाळ्याला झोळ पडतात. उडता पक्षी आदळून झोळात अलगद बसतो. जाळी पहाटे उघडतात, वीस-तीस मिनिटांनी फेरी मारतात, आणि वारा, पाऊस किंवा कडक ऊन असेल तर बंद ठेवतात. पक्षी सोडवणे ही खरी कला. तो जाळ्याच्या कोणत्या बाजूने शिरला ते आधी ओळखायचे आणि बहुधा पायांपासून सुरुवात करायची. घाई केली की गुंता वाढतो. सोडवलेला पक्षी कापडी पिशवीत ठेवतात, कारण अंधारात तो शांत राहतो. हातात धरताना मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात येते आणि पाठ तळव्याला टेकते. छाती दाबली जाता कामा नये, कारण पक्ष्याचा श्वास छातीच्या हालचालीवरच चालतो. किनाऱ्यावरच्या थव्यांसाठी तोफेने उडवायची जाळी असतात. करकोचे, घुबडे यांच्या पिल्लांना घरट्यातच कड्या घालतात.

सर्वांत लहान कडीचे वजन ग्रॅमच्या विसाव्या भागाहूनही कमी असते. समुद्रपक्ष्यांना मात्र खाऱ्या पाण्यात आणि खडकांवर न झिजणाऱ्या कणखर मिश्रधातूची कडी लागते. खाचा असलेल्या खास पकडीने ती मिटवतात : पायावर फिरली पाहिजे, पण घसरून बोटांवर येता कामा नये. मग पंखाची लांबी, वजन, पिसे गळून नवी येण्याचा टप्पा, वय, आणि ओळखता आले तर लिंग. पोटावर फुंकर मारून पिसे बाजूला केली की पातळ त्वचेखालची पिवळसर चरबी दिसते; तिला दर्जा देतात. दहा-बारा ग्रॅमचा वटवट्या सहारा ओलांडण्याआधी चरबी साठवून जवळजवळ दुप्पट जड होऊ शकतो. हातातल्या पक्ष्याचे वय पिसांच्या कडांवरून आणि झिजेवरून ठरवता येणे हे अनुभवी माणसाचे लक्षण मानतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे कंटाळवाणे वाटेल, पण या छंदातले अर्धे सुख त्यातच आहे.

परवान्याशिवाय वलयांकन करता येत नाही. ब्रिटनमध्ये १९३७ पासून ही योजना ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी चालवते. शिकाऊ माणसाला मान्यताप्राप्त प्रशिक्षकाच्या हाताखाली साधारण वर्ष-दोन वर्षे काम केल्यावर स्वतंत्रपणे काम करू देतात. अमेरिकेत संघराज्याच्या प्रयोगशाळेकडून परवाना आणि कड्या मिळतात. भारतात वन्य पक्षी पकडायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते आणि हे काम मुख्यतः बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थांच्या हातून होते.

धातूच्या कडीची मर्यादा अशी, की ती वाचायला बहुधा पक्षी हातात यावा लागतो. म्हणून बगळे, कुरव, पाणटिवळे अशा मोठ्या किंवा लांब पायांच्या पक्ष्यांना रंगीत कड्या घालतात. त्या दुर्बिणीतून वाचता येतात, त्यामुळे परवाना नसलेला निरीक्षकही यात पुरेपूर भाग घेऊ शकतो. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. पक्ष्याला त्रास नाही आणि नोंद तितकीच मोलाची.

मागोवा घेणारी उपकरणे पुढची पायरी. प्रकाश-नोंदक हे छोटे यंत्र सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा साठवते आणि त्यावरून अक्षांश-रेखांशांचा अंदाज येतो, मात्र माहिती मिळवायला तोच पक्षी पुन्हा पकडावा लागतो. १.४ ग्रॅमच्या अशा यंत्रांमुळे ग्रीनलंडचे आर्क्टिक सुरय वर्षाला सरासरी ७०,००० किलोमीटरांहून अधिक उडतात हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. उपग्रहाशी बोलणारी उपकरणे तत्काळ ठावठिकाणा देतात. २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट या लांब चोचीच्या किनारपक्ष्याच्या एका पिल्लाने अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर अकरा दिवसांत, कुठेही न उतरता पार केले, ते अशाच उपकरणामुळे कळले. कॅनडातून २०१४ मध्ये सुरू झालेल्या मोटस या केंद्रांच्या साखळीत ठिकठिकाणी स्वयंचलित रेडिओ-ग्राहक उभारून जवळून जाणारा, अंगावर छोटा रेडिओ-प्रेषक असलेला पक्षी टिपतात. असा ग्राहक उभारणे हेही हौशी गटांना जमण्यासारखे काम आहे. उपकरणाचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असा संकेत आहे. तरीही आयुष्यमान मोजायला साध्या कडीला तोड नाही, कारण तिला बॅटरी लागत नाही. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी १९५६ मध्ये प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर लेसन अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या एका मादीला कडी घातली आणि २००२ मध्ये तीच मादी त्यांच्याच हाती पुन्हा आली. ‘विज्डम’ नावाने ती प्रसिद्ध आहे आणि २०२४ मध्येही तिने अंडे घातले.

पक्ष्याला याचा त्रास होतो का, हा प्रश्न योग्यच आहे. उत्तर अमेरिकेतल्या सहा लाखांहून अधिक पकडींच्या अभ्यासात इजेचे प्रमाण ०.५९ टक्के आणि मृत्यूचे ०.२३ टक्के आढळले. हे कमी आहे, पण शून्य नाही. म्हणून प्रत्येक पकडीमागे काही प्रश्न असायला हवा. किंग पेंग्विनच्या वल्ह्यासारख्या पंखांना लावलेल्या पट्ट्यांनी तर जगणे आणि वीण दोन्ही घटल्याचे २०११ मध्ये दिसून आले. झेब्रा फिंचच्या माद्यांना लाल कडीचे नर अधिक आवडल्याचेही प्रयोग आहेत, तेव्हा रंग निवडतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात.

कडी असलेला पक्षी आढळल्यास सर्व अक्षरे व अंक, जागा, तारीख आणि पक्ष्याची स्थिती कळवावी. फोटो असल्यास उत्तम. जिवंत पक्ष्याची कडी काढू नये. युरोपातल्या योजनांच्या समन्वयासाठी १९६३ पासून युरिंग ही संस्था आहे. ज्या कडीला जोड दिसत नाही ती वलयांकनाची नसते : शर्यतीच्या आणि पाळीव कबुतरांना पिल्लू असतानाच अखंड कडी सरकवतात, आणि तिची चौकशी कबुतरपालकांच्या संघटनेकडे करावी लागते.