महापौरपद (बेळगाव)

बेळगाव महानगरपालिकेतलं सगळ्यात मानाचं पद, आणि खरं सांगायचं तर हातात फारसं काही नसलेलं. ५८ नगरसेवकांच्या सभागृहाचा प्रमुख तो महापौर, मुदत एक वर्ष. सरकारी कागदावर शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालंय पण इथला मराठी माणूस बोलताना बेळगावच म्हणतो, म्हणून नोंदीत तेच ठेवलंय.

शब्दाची गोष्ट मोठी आहे. 'मेयर'ला महापौर हा पर्याय सावरकरांच्या भाषाशुद्धीतून रूढ झाला असं साधारणपणे मानतात आणि ते पटण्यासारखं आहे. मात्र 'पौर' हा तुकडा फार जुना, पौर म्हणजे पुरात राहणारा. शक क्षत्रप राजा रुद्रदामनाच्या जुनागढच्या शिलालेखात (इ.स. १५० च्या आसपास) 'पौरजानपद' असं येतं आणि तिथूनच वाद सुरू होतो. इतिहासकार काशीप्रसाद जयस्वालांचं म्हणणं की पौर ही राजधानीतली एक संस्थाच होती, राजावर वचक ठेवणारी, म्हणजे जवळजवळ आजची पालिका. दुसरे इतिहासकार अनंत सदाशिव आळतेकरांना (हे कागल तालुक्यातल्या म्हाकव्याचे, निपाणीपासून काही लांब नाही) हे मान्य नव्हतं, त्यांच्या मते हे नुसते शहरातले नि खेड्यातले लोक. आता लेखात राजा एवढंच सांगतोय की लोकांवर कर आणि वेठबिगार न लादता मी जुनागढच्या सुदर्शन तलावाचा बांध पुन्हा घातला, त्यात संस्था कुठं बसवायची? आळतेकरांचंच जास्त सरळ वाटतं.

काहीजण महापौराचं मूळ थेट इथल्या मातीत शोधतात. इथं राज्य केलेल्या रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, साधारण १२०४ च्या सुमारास, बेळगावच्या म्हणजे वेणुग्रामच्या शिलालेखात व्यापाऱ्यांचे संघ येतात, त्यात पार लाट (दक्षिण गुजरात) आणि मलयाळ (केरळ) देशातले व्यापारीसुद्धा आहेत, आणि कर्नाटकातल्या लेखांमध्ये 'पट्टणस्वामी' नावाचा पेठेचा प्रमुखही भेटतो. त्यालाच जुना महापौर म्हणायचा मोह होतो खरा, पण तो व्यापाऱ्यांचा म्होरक्या, मतावर निवडून आलेला नव्हे, त्यामुळं हे नातं जरा ओढूनताणूनच आहे.

गंमत अशी की भाषेवरून एवढी भांडणं झालेल्या गावात या पदाचं नाव मराठीत आणि कन्नडमध्ये एकच आहे, महापौर. आणि कर्नाटकात सफाई कामगाराला 'पौरकार्मिक' म्हणतात, म्हणजे सगळ्यात वरच्या खुर्चीत आणि पहाटेच्या झाडूत 'पौर' तोच.

नगरपालिका १८५१ च्या सुमाराची, मुंबई इलाख्यातली. तेव्हा प्रमुख म्हणजे नगराध्यक्ष. महापौर आले ते पुढं महानगरपालिका झाल्यावर, कर्नाटकाच्या १९७६ च्या महानगरपालिका कायद्याखाली.

निवड थेट जनतेतून होत नाही. नगरसेवक आणि त्यांच्या जोडीला शहराचे आमदार-खासदार हात वर करून मत देतात, सभा प्रादेशिक आयुक्त चालवतात. पण खरा खेळ त्याच्या आधीच झालेला असतो, कारण महापौर कुठल्या प्रवर्गाचा हे बेंगळूरहून येणारं आरक्षण ठरवतं. २०१८ चं उदाहरण बघण्यासारखं आहे. सभागृहात मराठी गटाचं बहुमत होतं पण पद अनुसूचित जमातीला राखीव निघालं आणि मराठी गटात त्या प्रवर्गाचा एकही नगरसेवक नव्हता, मग कन्नड गटाचे बसप्पा चिक्कलदिन्नी महापौर झाले. बहुमत एकीकडं, खुर्ची दुसरीकडं. तेव्हा पक्ष नव्हते, मराठी गट आणि कन्नड-उर्दू गट असाच हिशोब असायचा.

सीमाप्रश्नामुळं या पदाला जे वजन आलं ते कायद्यात कुठंच नाही. बेळगाव महाराष्ट्रात जावं असा ठराव पालिकेनं ऑक्टोबर २००५ मध्ये केला, विजय मोरे महापौर होते, पुढच्याच महिन्यात बेंगळुरात कन्नड कार्यकर्त्यांनी त्यांच्या तोंडाला काळं फासलं आणि नंतर सरकारनं पालिकाच बरखास्त केली. २०१६ मध्ये महापौर सरिता पाटील आणि उपमहापौर संजय शिंदे १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या (कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी इथले मराठी लोक निषेध म्हणून पाळतात तो) फेरीत गेले तर त्यांनाही सरकारची नोटीस. म्हणजे खड्ड्यावरून महापौराला कोणी विचारो न विचारो, १ नोव्हेंबरला तो कुठं होता हे सगळे विचारतात.

सप्टेंबर २०२१ ची निवडणूक इथं पहिल्यांदाच पक्षाच्या चिन्हांवर झाली. भाजप ३५, काँग्रेस १०, एमआयएम १, उरलेल्या १२ मध्ये महाराष्ट्र एकीकरण समिती (बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून लढणारी) आणि अपक्ष. तरी महापौर मिळायला फेब्रुवारी २०२३ उजाडलं, तोवर निवडून आलेले लोक शपथेशिवाय आणि कारभार प्रशासकाकडं. या सभागृहाच्या पहिल्या महापौर शोभा सोमनाचे, उपमहापौर रेश्मा पाटील, दोघीही मराठी पण समितीच्या नव्हे, भाजपच्या. नंतर २०२४ मध्ये सविता कांबळे, २०२५ मध्ये मंगेश पवार.

वर्षभरात महापौर करणार तरी काय? सर्वसाधारण सभा चालवणं, अधिकाऱ्यांना झापणं, उद्घाटनाला जाणं. फायलीवर सही पालिका आयुक्ताची. जमिनी आणि लेआउट बुडाकडं, म्हणजे शहराच्या नगरविकास प्राधिकरणाकडं. मराठी नगरसेवक सभेची विषयपत्रिका मराठीतपण द्या म्हणून मागतात, हा विषयही जुनाच. टिकतो तो फक्त 'माजी महापौर' हा किताब, तो जन्मभर पत्रिकेवर छापता येतो, आणि नशीब असेल तर पुढं विधानसभा, जसे संभाजी पाटील महापौरपदानंतर २०१३ मध्ये बेळगाव दक्षिणचे आमदार झाले.

कॅम्प भागात, म्हणजे लष्करी छावणीत, यातलं काहीच लागू नाही, तिथं कॅन्टोन्मेंट बोर्ड.