मोफत फोटो आणि मुक्त फोटो: चाचणी-संग्रह उभारताना होणारी गल्लत

फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची चाचणी घ्यायला फोटो लागतात, आणि नेटवर ते ढिगाने मिळतात. त्यातला पैसे न मोजता डाउनलोड करता येतो तो मोफत फोटो. जो बदलून, न बदलता, कुणालाही पुढे देता येतो तो मुक्त फोटो. आपल्याच संगणकावर वापरायचे तर दोन्ही सारखेच. फाइल दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली की फरक उघडा पडतो, आणि चाचणी-फोटो असतो तोच मुळी दुसऱ्याच्या हाती देण्यासाठी. डिनॉइझ (फोटोतले दाणे काढणं) केल्यावर एकाच्या मशीनवर निळे डाग उमटले, तर ते दुसऱ्याला पडताळता यायला हवेत. त्यासाठी फाइल बिट न बिट तीच हवी.

मोफत फोटोंच्या साइट्स वापराची परवानगी देतात, पण ती त्यांच्या अटींवर, आणि त्या अटी बदलतात. अनस्प्लॅशवरचे फोटो जून २०१७ पर्यंत सीसी-झीरोखाली (क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचा, सगळे हक्क सोडून देणारा परवाना) होते. त्यानंतर साइटने स्वतःचा परवाना आणला. त्यातही व्यावसायिक वापर चालतो, बदलही चालतात, पण तिथले फोटो गोळा करून तशीच किंवा स्पर्धक सेवा उभी करायला मनाई आहे. चाचणी-संग्रह या मनाईत बसतो की नाही, यावर वाद घालत बसण्यापेक्षा असे फोटो संग्रहात न घेणं शहाणपणाचं. पिक्साबेनेही २०१९ साली सीसी-झीरो सोडून स्वतःचा परवाना लावला. म्हणून ‘फुकट डाउनलोड’ या बटणावर कधीच विसंबू नये. परवान्याचं नाव शोधावं.

मुक्त म्हणायला कॉपी करणं, बदलणं, बदललेलं वाटणं आणि हे सगळं व्यवसायासाठीही करणं, इतकी मोकळीक हवी. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांपैकी सीसी-झीरो, बीवाय (निर्मात्याचं नाव द्यावं लागतं) आणि बीवाय-एसए (नाव द्यावं, आणि बदललेलंही त्याच परवान्याखाली वाटावं) या कसोटीला उतरतात. इथे बरेच जण फसतात: क्रिएटिव्ह कॉमन्सचं चिन्ह दिसलं की फोटो मुक्त, असं धरून चालतात. एनडी (बदललेलं वाटायला मनाई) असलेल्या फोटोवर घरी हवे ते प्रयोग करा, पण एक कर्व्ह (उजेड-काळोख बदलणारी रेषा) ओढून केलेला निकाल लोकांपुढे ठेवता येत नाही. एडिटिंगच्या चाचणीला असा फोटो निरुपयोगीच. एनसीचा (व्यावसायिक वापराला मनाई असलेला) फोटो सशुल्क शिकवणीत किंवा विकायच्या सॉफ्टवेअरसोबत देता येत नाही. विकिमीडिया कॉमन्स या दोन्ही प्रकारांना दारातच अडवतं, आणि ते योग्यच आहे.

उरलेल्या तिघांत संग्रहासाठी सीसी-झीरोच घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. बीवाय वाईट नाही. पण ४० फोटोंतून २५६×२५६ पिक्सेलचे तुकडे कापून एकच तुलनापट केला, तर ४० नावं, ४० परवाने, ४० दुवे आणि ‘बदल केला आहे’ ही नोंद सोबत न्यावी लागते. तो पट कुणीतरी बग रिपोर्टला जोडतं आणि नावांची यादी मागेच राहते. बीवाय-एसए आणि बीवाय-एनसी-एसए फोटोंचं एकत्र मॉन्टाज केलं, तर ते कायदेशीरपणे वाटताच येत नाही, कारण दोघांच्या अटी एकमेकींना छेद देतात. रॉ डॉट पिक्सल्स डॉट यूएस या कॅमेरावार रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलींच्या नमुन्यांच्या भांडाराने सीसी-झीरोच निवडला आहे, तो उगीच नाही.

सवयीने मुक्त वाटणारा फोटो मुक्त असतोच असंही नाही. चित्रांवरच्या प्रयोगांत नेहमी वापरली गेलेली ५१२×५१२ पिक्सेलची ‘लेना’ प्लेबॉय मासिकाच्या नोव्हेंबर १९७२च्या अंकातून स्कॅन केलेली. परवानगी न घेता ती कितीतरी वर्षं शोधनिबंधांत छापली गेली. हक्क मासिकाचे होते, आणि ज्या स्त्रीचं ते चित्र आहे तिनेही पुढे ते थांबवावं अशी इच्छा व्यक्त केली. संगणकतज्ज्ञांची संघटना आयईईई कॉम्प्युटर सोसायटी १ एप्रिल २०२४ पासून हे चित्र असलेले निबंध स्वीकारत नाही. याउलट कोडॅकने २४ चित्रांचा संच कुठल्याही वापरासाठी खुला केला. त्यातली चित्रं अवघी ७६८×५१२ची, तरी कॉम्प्रेशनच्या तुलनेत ती अजून दिसतात.

परवान्याशिवाय आणखी एक फरक आहे, तो फाइलच्या पोटातला. साइटवरचा मोफत फोटो बहुधा शिजवून तयार केलेला जेपेग असतो: नॉइझ काढलेला, शार्पन केलेला, आकार घटवलेला. तो ४०० टक्के मोठा करून गडद कडेजवळ पाहा. कडेला पांढुरकी रेघ आणि ८×८ पिक्सेलच्या चौकटी दिसतील. अशा फाइलवर डिनॉइझ तपासलं, तर मोजमाप कॅमेऱ्याच्या नॉइझचं होत नाही, जेपेगच्या कचऱ्याचं होतं. संग्रहात रॉ फाइल कार्डावरून थेट उतरवलेली हवी. काही सॉफ्टवेअर रेटिंग किंवा फिरवल्याची नोंद फाइलमध्येच लिहितात, म्हणून कॉपी झाल्याबरोबर एसएचए-२५६ हा हॅश (फाइल जराही बदलली की बदलणारा ठसा) काढून ठेवावा. विषय निवडताना सुंदर फोटोंपेक्षा अडचणीचे फोटो हुडकावेत: मोअरे (खोट्या लहरी) उठवणारं बारीक विणीचं कापड, बँडिंग (रंगाचे पट्टे) उघडं पाडणारं मोकळं आकाश, गॅमटबाहेर (दाखवता येणाऱ्या रंगांच्या पल्ल्याबाहेर) जाणारा निळा एलईडी दिवा, जळालेला हायलाइट (तपशील हरवलेला पांढरा भाग), आयएसओ ६४००ची अंधारी खोली.

नोंदीत हयगय केली की मुक्त फोटोही वर्षभराने संशयास्पद होतो. दिलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना परत घेता येत नाही हे खरं. पण मूळ पान उडालं तर तो दिला होता हे दाखवणार कसं? म्हणून पान वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात जतन करावं आणि फाइलचं नाव, मूळ दुवा, उतरवल्याची तारीख, परवाना व त्याची आवृत्ती, हॅश एका तक्त्यात ठेवावं. आवृत्ती क्षुल्लक नाही: बीवाय ४.०मध्ये अट मोडल्याची चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर गेलेले हक्क आपोआप परत मिळतात, ३.०मध्ये ही सोय नव्हती.

सीसी-झीरोने सुटतात ते फोटोग्राफरचे हक्क. फ्रेममधल्या माणसाचे, भिंतीवरच्या चित्राचे, बोधचिन्हाचे हक्क जागच्या जागी राहतात. त्वचेच्या रंगासाठी चेहरा हवाच असेल, तर त्या व्यक्तीची लेखी संमती घ्यावी, आणि तिच्या चेहऱ्यावर अनोळखी लोक वाटेल ते बदल करून छापतील हे तिला सही करण्याआधी स्पष्ट सांगावं. रॉ फाइलमध्ये जीपीएसची नोंद आणि कॅमेऱ्याचा सीरियल नंबरही असू शकतो. नंतर तो पुसायला जाल तर फाइल बदलते, हॅश बदलतो. म्हणून संग्रहासाठी फोटो काढायच्या आधीच कॅमेऱ्यातलं जीपीएस बंद करावं आणि सीरियल नंबर उघड होणार हे देणाऱ्याला कळवावं.