‘बरं वाटत नाही’ म्हणजे मनाचे खेळ? एक खुलासा

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग बरं का वाटत नाही? मनाचे खेळ असतात ते.’ बायकांना हे वाक्य जरा जास्तच ऐकावं लागतं. ते चुकीचं आहे.

संशोधक एकच साधा प्रश्न विचारतात: एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे? उत्तरं ‘उत्तम’पासून ‘वाईट’पर्यंत. 1997 साली 27 अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा दिसलं की निदान झालेले आजार वगैरे हिशेबात धरूनही हे उत्तर पुढच्या काळातल्या मृत्यूच्या जोखमीबद्दल काही वेगळं सांगून जातं.

हे कसं? फ्लू आठवा. अंग मोडून येतं, भूक मरते, कोणाशी बोलावंसं वाटत नाही. हे सगळं जंतू थेट करत नाहीत; प्रतिकारशक्तीच्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात आणि त्यांचा निरोप रक्तातून व व्हेगस नर्व्हमार्फत (मेंदूला छाती-पोटातल्या अवयवांशी जोडणारी नस) मेंदूला पोचतो. प्रतिकारशक्तीच्या या प्रतिक्रियेला दाह म्हणतात. तो मंद असला तर ताप येत नाही, पण थकवा राहू शकतो. त्यात नेहमीच्या तपासण्यांत सायटोकाइन मोजलेच जात नाहीत!

काही अभ्यासांत दाह आणि ‘तब्येत बरी नाही’ हे उत्तर यांच्यातला संबंध बायकांमध्ये जास्त ठळक दिसला, पण पुरुषांतही तो आढळला आहे. त्यामुळे ‘हे फक्त बायकांचं’ हेही खरं नाही. अर्थात संबंध म्हणजे कारण नव्हे. झोप, नैराश्य, वजन, धूम्रपान यांचा दोन्हींवर परिणाम होतो. म्हणून डॉक्टरांना नुसतं ‘बरं नाही’ न सांगता कधीपासून आणि काय जमेनासं झालंय, तेही सांगा.