पेंडिंग जॉब आणि लूप लाइनला उभी मालगाडी

रत्नागिरीत घरी बसून मी ज्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, लाटांचं मॉडेल चालवतो, तो घाटापलीकडे आहे. पावसात इथली वीज गेली तरी तिथला चालू जॉब, म्हणजे त्याला दिलेलं काम, चालूच राहतो. अडतं ते सुरू होण्याआधी. जॉबपुढे 'पीडी' म्हणजे पेंडिंग दिसतं आणि तो रांगेत पडून राहतो.

रांग जुनीच. सुरुवातीला ज्याने त्याने वेळ ठरवून यंत्रापाशी जायचं, आणि माणूस बदलेपर्यंत ते महागडं धूड रिकामं. १९५६ साली जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन यांनी आयबीएम ७०४ साठी एक जॉब संपला की पुढचा आपोआप उचलणारी प्रणाली लिहिली. पण कार्डांचे गठ्ठे लावायचा ऑपरेटरच. (त्याच्याशी गोडीत राहिलेलं बरं असणार!) पुढे हे काम नासाच्या एम्स केंद्रातल्या एनक्यूएस आणि पीबीएससारख्या सॉफ्टवेअरकडे गेलं. १९९४ साली गोडार्ड केंद्रात साधे पीसी जोडून बिओवुल्फ उभा राहिला, क्लस्टर विद्यापीठांच्या आवाक्यात आले आणि रांगेवरून कुरबुरीही वाढल्या.

खरी पंचाईत मोठ्या जॉबची. त्याला शंभर नोड, म्हणजे क्लस्टरमधले संगणक, एकदम हवेत, म्हणून मोकळे झालेले नोड अडवून ठेवले तर ते नुसते बसून राहतात. लहानांना सोडत राहिलं तर मोठ्याची पाळीच येत नाही. आर्गॉन प्रयोगशाळेत डेव्हिड लिफ्का यांच्या 'ईझी' या शेड्युलरने, म्हणजे रांग लावणाऱ्या सॉफ्टवेअरने, १९९५ च्या सुमारास तोडगा दिला: मोठ्याची वेळ राखून ठेवा, आणि तिला धक्का न लावता आधी संपतील तेवढे लहान जॉब पुढे घ्या. याला बॅकफिल म्हणतात. कोकण रेल्वेच्या एकेरी रुळांजवळ राहणाऱ्याला हे ओळखीचं आहे. मागून राजधानी येत असली, की पुढच्या स्टेशनात पोचून बाजूला होण्याइतका वेळ असेल तरच मालगाडी सुटते. नाहीतर लूप लाइनला उभी.

मेख अशी, की किती वेळ लागेल ते आपणच सांगायचं. कमी सांगितलं तर वेळ भरताच जॉब किल होतो, म्हणून सगळेच फुगवून सांगतात. मीही तीन तासांच्या कामाला ४८ तास मागायचो आणि कुठल्याच फटीत मावायचो नाही.

आमच्याकडे स्लर्म हा शेड्युलर आहे. २००२ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तो सुरू झाला, तेव्हा नावातला 'एस' सिंपलचा होता. आता त्यात फेअरशेअरही आहे: अलीकडे जास्त वापर केलात की मागे जा.

काल पाच तासच मागितले. रात्री दीडला, घरात वीज नसताना, मोबाइलवर पाहिलं तर 'पीडी' जाऊन 'आर' म्हणजे रनिंग आलं होतं.