कामावर जाताना अपघात झाला तर: नुकसानभरपाईचा अर्ज नेमका कुठे अडतो

२२ एप्रिल २००३ ची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याची पाळी पहाटे ३ ला सुरू होणार होती. कारखाना ५ किलोमीटरवर राहिला असताना वाटेतच अपघातात तो गेला. नुकसानभरपाई आयुक्तांनी १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं, २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केलं आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बहाल केलं. बावीस वर्षं गेली यात.

तेव्हापासून ‘जाता-येता अपघात झाला की भरपाई मिळतेच’ असं लोक धरून चालतात. तसं नाही. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे, ही अट निकालातच आहे. पाळी सुटल्यावर चार तासांनी भलत्याच रस्त्यावर झालेला अपघात यात बसवणं फार कठीण.

हा संबंध दाखवणारा कागदच घरात नसतो. ठेकेदाराकडच्या माणसाला नेमणूकपत्र कोण देतं? मग मुकादमाच्या हजेरीच्या वहीतलं पान, गेटपास, पगार जमा झालेलं पासबुक, पीएफ क्रमांक, बरोबर काम करणाऱ्या दोघांची साक्ष, जे मिळेल ते पहिल्या आठवड्यात गोळा करा. गेलेल्या माणसाचा फोन विकू नका, दुरुस्तीलाही टाकू नका. ‘उद्या पहाटे ३ ला ये’ एवढा एक मेसेज पुष्कळ काम करतो.

पोलिसांपुढचा जबाब तर हमखास नडतो. दु:खात असलेला भाऊ ‘दादा घरून बाहेर गेला होता’ एवढंच सांगतो, तेच लिहिलं जातं आणि विमा कंपनीचा वकील पुढे त्यावरच बोट ठेवतो. तो ‘कामावर निघाला होता’ हे खरं असेल तर जबाबात आलंच पाहिजे. सही-अंगठ्याआधी जबाब वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

मुदत दोन वर्षं, आणि ती अपघाताच्या किंवा मृत्यूच्या तारखेपासून. ‘मालक देतो म्हणाला होता’, ‘फौजदारी केस चालू होती’ म्हणून ती थांबत नाही. उशीर झालाच तर सबळ कारण देऊन माफीचा अर्ज जोडा.

अर्जाआधी दोन गोष्टी तपासा. कामगाराला ईएसआय (कामगार राज्य विमा योजना) लागू असेल तर हा दावा चालत नाही, लाभ ईएसआयकडेच मागावा लागतो. वाहन अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा हा नुकसानभरपाई कायदा, यातलं एकच निवडायचं. घाईत निवडू नका, दोन्हीकडची रक्कम आधी काढून बघा.

वारस दाखल्यासाठी महिनोन्‌महिने घालवणारी कुटुंबं पाहून जीव तुटतो. कायदा विचारतो ‘अवलंबून कोण होतं?’ नातं दाखवणारे कागद, मृत्यू दाखला, शवविच्छेदन अहवाल आणि वयाचा पुरावा जोडून अर्ज आधी दाखल करा. जखमी कामगाराला अपंगत्वाचा वैद्यकीय दाखला लागतो.

वयाचा पुरावा हलक्यात घेऊ नका, रक्कम त्यावर ठरते. मृत्यू असल्यास मासिक वेतनाचे ५० टक्के गुणिले वयाचा गुणक; ३० वर्षांना तो २०७.९८ आहे. ३ जानेवारी २०२० पासून वेतन जास्तीत जास्त १५,००० धरतात, म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. हा हिशेब १९२३ च्या कायद्याचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू आहे, त्यामुळे अर्जात कायदा लिहिण्याआधी अपघाताची तारीख पाहा.

मृत्यूच्या प्रकरणात मालकाने भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची असते. घरी पाकीट आणून ‘सगळं मिटलं’ अशा कागदावर सही मागितली तर देऊ नका. हक्क सोडून देणारा असा करार कायद्यात टिकत नाही, पण तो खोडून काढण्यात वर्षं जातात.

अर्ज अपघात झाला त्या भागात किंवा तुम्ही राहता तिथे करता येतो, कारखान्याच्या गावी हेलपाटे घालायची गरज नाही. ठेकेदाराबरोबर मुख्य मालकालाही पक्षकार करा. मागणीत १२ टक्के व्याज अपघाताच्या तारखेपासून मागा, निकालाच्या तारखेपासून नव्हे. महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं आहे, तरी कित्येक अर्जांत ही ओळ नसतेच.