स्पीडवे संघबांधणीचे हिवाळी तर्कवितर्क

ब्रिटनमधला स्पीडवे मोटारसायकल शर्यतींचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास संपतो आणि पुढच्या मार्चपर्यंत ट्रॅकवर इंजिनाचा आवाज येत नाही. मधल्या काळात आपल्या क्लबचे पुढच्या वर्षीचे सात रायडर कोण, याचे अंदाज बांधणे हा तिथल्या चाहत्यांचा जुना छंद आहे. नव्या खेळाडूंच्या वावड्या कुठल्या खेळात उठत नाहीत? पण इथे वावडीलाही बेरीज करून दाखवावी लागते. रायडरांच्या गुणसरासऱ्यांच्या बेरजेवर घातलेल्या मर्यादेत न बसणारा संघ कितीही देखणा असला तरी कागदावरच राहतो.

खेळ थोडक्यात असा. एका शर्यतीत, म्हणजे हीटमध्ये, चार रायडर उतरतात. दोन यजमानांचे, दोन पाहुण्यांचे. ब्रेक नसलेल्या, एकाच गियरच्या, मिथेनॉलवर चालणाऱ्या ५०० सीसी गाड्या सैल मातीच्या लंबगोल ट्रॅकवर चार फेऱ्या मारतात आणि साधारण मिनिटभरात निकाल लागतो. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला भोपळा. लीग सामन्यात अशा १५ हीट होतात. आपल्याच जोडीदाराच्या पाठोपाठ येऊन प्रतिस्पर्ध्याला मागे ठेवणाऱ्याच्या नावावर एक बोनस गुण लागतो. हा गुण संघाच्या खात्यात जात नाही, रायडरच्या सरासरीत मात्र धरला जातो.

ही सरासरीच सगळ्या तर्कांचे मूळ आहे. रायडरचे बोनससह एकूण गुण चारने गुणायचे आणि तो जितक्या हीट धावला तितक्याने भागायचे. समजा एखाद्याने ८० हीटमध्ये १६४ गुण मिळवले, तर त्याची सरासरी ८.२० येते. एकही हीट न हरणाऱ्याची १२. पुढच्या हंगामासाठी सातही जणांच्या सरासऱ्यांची बेरीज किती असावी, हे क्लबांचे प्रमोटर, म्हणजे क्लब चालवणारे, हिवाळ्यातल्या वार्षिक सभेत ठरवतात. तो आकडा बाहेर पडेपर्यंतचे अंदाज निव्वळ हौसेचे. खरा खेळ त्यानंतर सुरू होतो.

मर्यादा का बोचते, हे गणिताने लगेच कळते. प्रत्येक हीटला सहा, म्हणजे १५ हीटना ९० गुण. बरोबरी साधणाऱ्या संघाच्या वाट्याला ४५ येतात आणि ते त्याचे रायडर मिळून ३० वेळा धावून कमावतात. दर खेपेला दीड गुण, म्हणजे मधल्या दर्जाच्या रायडरची सरासरी ६. असे सात जण घेतले की बेरीज ४२ होते आणि बोनस धरले तर आणखी थोडी वर जाते. मर्यादा ४०च्या आसपास ठेवली की विजेता संघ पुढच्या वर्षी तसाच्या तसा उभा राहणे जवळपास अशक्य होते. संघ जिंकला म्हणजे त्यातले काही जण सुधारले. सुधारले म्हणजे महाग झाले. लाडक्या संघाने करंडक उचलला त्याच रात्री चाहता मनात हिशेब करू लागतो, यातला कोणाचा बळी द्यावा लागणार?

क्लब आपली नावे एकदम जाहीर करत नाहीत. आठवड्याला एक, कधी पंधरवड्याला एक, अशी ती सोडली जातात, आणि तिकिटे खपवण्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. समजा मर्यादा ४० आहे आणि पाच नावे आली आहेत : ८.६५, ७.४०, ६.९०, ६.१०, ४.२५. बेरीज ३३.३०. उरले ६.७०, आणि जागा दोन. आता जो तो यादी घेऊन बसतो. ३.३०चा अमुक आणि ३.४०चा तमुक नेमके बसतात. पण अमुक सोमवारी मोकळा असतो का? तमुक दुसऱ्या क्लबच्या मालकीचा आहे, ते त्याला उसना देतील का? ब्रिटनमध्ये रायडर हा परंपरेने एखाद्या क्लबची ‘मालमत्ता’ समजला जातो आणि दुसरीकडे उसना जातो. त्यात बडे रायडर पोलंड, स्वीडन आणि ब्रिटन अशा तीन देशांत धावतात, तेव्हा शर्यतीचा वारही सरासरीइतकाच निर्णायक ठरतो.

जाणकार मात्र वरच्या नावांपेक्षा तळाकडे आधी बघतात. क्रमांक ६ आणि ७ हे राखीव. दुसरी हीट राखीवांचीच आपसात होते, शिवाय संघ मागे पडला की त्यांना जादा हीट देता येतात. दुखापतीमुळे वा खराब गाड्यांमुळे ज्याची सरासरी चारवर घसरली आहे पण हातात कसब सातचे आहे, असा रायडर राखीव जागी मिळाला तर सामने तिथेच फिरतात. हंगामात सरासऱ्या नव्याने मोजल्या जातात, त्यामुळे हे सुख फार टिकत नाही. तरीही माझ्या मते संघबांधणीचे सगळे मर्म स्वस्त दिसणारा माणूस वेळीच हेरण्यात आहे. आठ-नऊ सरासरीचा तारा कोणालाही ओळखता येतो.

रायडर वाटून देण्याची कल्पना जुनीच. युद्धानंतर १९४६मध्ये लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा रायडरांची प्रतवारी लावून त्यांना क्लबांमध्ये वाटण्यात आले होते. २०१४मध्ये एलिट लीगने, म्हणजे त्या वेळच्या अव्वल ब्रिटिश लीगने, दोन्ही राखीव जागा तरुण ब्रिटिश रायडरांसाठी ठेवल्या आणि निवड सोडतीच्या क्रमाने केली. तेवढ्यापुरती चाहत्यांच्या अंदाजांची दिशाच बदलली.

पोलंडच्या एक्स्ट्रालीगचे, म्हणजे तिथल्या अव्वल लीगचे, वारे वेगळे. सरासऱ्यांच्या बेरजेची मर्यादा तिथेही काही वर्षे होती. ती गेल्यावर उरला पैसा. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करारांची खिडकी उघडते, पण मोठी नावे त्याआधीच फुटलेली असतात. गोर्झूव क्लबचा घरचा हिरो बार्तोश झ्मार्झलिक २०२३साठी लुब्लिनला गेला. लुब्लिनने २०२२, २०२३, २०२४ अशी सलग तीन विजेतेपदे घेतली. ब्रिटिश मर्यादेखाली असे सातत्य राखणे फार अवघड. पोलंडमध्ये अंदाज चालतात ते तरुण पोलिश रायडरांच्या सक्तीच्या जागांवर, कारण चांगला ज्युनियर पैसे टाकूनही सहज सापडत नाही.

अंदाज चुकतात कसे, याचे उत्तम उदाहरण पीटरबरो पँथर्स. २०२०चा ब्रिटिश हंगाम कोविडमुळे झालाच नाही. २०२१साठी पीटरबरोने स्कॉट निकल्स, ब्यार्न पेडरसन, हान्स अँडरसन, ख्रिस हॅरिस अशी मंडळी जमवली. निकल्स आणि पेडरसन त्या वर्षी ४३ वर्षांचे झाले. पेडरसन तर निवृत्तीतून परतला होता. म्हाताऱ्यांचा संघ म्हणून चेष्टा झाली आणि सहा संघांच्या लीगमध्ये अनेकांनी त्यांना तळाला टाकले. अंतिम फेरीत बेल व्ह्यूला हरवून त्यांनीच प्रीमियरशिप, म्हणजे ब्रिटनची अव्वल लीग, जिंकली, २००६नंतर प्रथमच. सरासरीच्या आकड्यात अनुभव दिसत नाही, आणि मायदेशी शांतपणे धावणारा उतारवयातला रायडर बहुधा प्रत्येक सामन्याला हजर असतो, हेही दिसत नाही.

मार्चमध्ये सराव आणि पत्रकारांसाठी ठेवलेल्या दिवशी सातही जण नव्या जॅकेटांत ट्रॅकवर फोटोला उभे राहतात आणि हिवाळी चर्चा आटोपते. ती फार काळ आटोपलेली राहत नाही. कोणाचे तरी कॉलरबोन मोडते, मग दुसऱ्या क्लबचा रायडर पाहुणा म्हणून तात्पुरता आणायचा की जखमीच्या हीट इतरांत वाटायच्या, आणि कायमचा बदल केलाच तर तो मर्यादेत बसतो का, इथून तीच आकडेमोड पुन्हा सुरू होते.

अलीकडे या छंदाला एक कडवट प्रश्न आधी सोडवावा लागतो : क्लब तरी असेल ना? २०१९चा विजेता स्विंडन त्यानंतर धावलाच नाही. २०२३अखेर वुल्व्हरहॅम्प्टनचा मनमोर ग्रीन ट्रॅक स्पीडवेला बंद झाला. याउलट ऑक्सफर्ड २००७नंतर २०२२मध्ये परत आले आणि २०२४मध्ये प्रीमियरशिपमध्येही उतरले. पीटरबरोच्या चाहत्यांपुढे मात्र जुळवायला बेरीजच उरलेली नाही. ईस्ट ऑफ इंग्लंड शोग्राउंडवरचा त्यांचा ट्रॅकही २०२३च्या हंगामानंतर गेला, म्हाताऱ्यांच्या त्या विजेतेपदानंतर जेमतेम दोन वर्षांनी.