वाऱ्याचे रेतीतरंग

सुट्या रेतीवर किंवा बजरीवर वाऱ्याने उमटणाऱ्या, वाऱ्याच्या दिशेला आडव्या लाटांना रेतीतरंग म्हणतात. पृथ्वीवर त्यांची उंची जेमतेम सेंटिमीटरभर असते आणि दोन माथ्यांमधले अंतर साधारण वीतभर. विदर्भात वाळवंट नाही. तरी उन्हाळ्यात वैनगंगा, कन्हान, वर्धा यांची पात्रे उघडी पडली की डांगरवाड्यांपलीकडच्या कोरड्या रेतीवर हे तरंग सहज दिसतात.

वारा रेती नुसती फरफटत नेत नाही. तो एखादा कण उचलतो, कण लांब पण बुटकी उडी घेतो आणि आदळताना आसपासचे कण थोडे पुढे सरकवतो. कुठे जराशी उंची आली की वाऱ्याकडच्या उतारावर हा मारा जास्त बसतो, आडोशाला कमी. त्यामुळे कण माथ्याकडे सरकत जातात आणि लाट वाढते. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटातील निरीक्षणे आणि वायुबोगद्यातील प्रयोग यांच्या आधारे १९४१ मध्ये ही उपपत्ती मांडली. उडता कण आपल्या सहापट व्यासाच्या कणाला ढकलू शकतो, हे त्यातले सर्वांत मोलाचे निरीक्षण, कारण वाऱ्याला न उचलवणारी बजरीही या धक्क्यांनी चालू लागते. अर्जेंटिनाच्या पुना पठारावर हलक्या ज्वालामुखी दगडाच्या बजरीचे तरंग दोन मीटरपर्यंत उंच आहेत.

मंगळावरची हवा आपल्या हवेच्या सुमारे साठाव्या हिश्श्याइतकीच दाट आहे. तिथे पहिला कण हलवायला फार जोराचा वारा लागतो. पण गुरुत्वाकर्षण कमी असल्याने एकदा उडालेला कण उंच आणि दूर जातो, आणि पुढचे काम मंद वाऱ्यातही चालू राहते. २०१५-१६ मध्ये क्युरिऑसिटी गाडीने बॅग्नोल्ड यांच्याच नावाच्या रेतीच्या टेकड्यांवर एक ते तीन मीटर अंतराचे तरंग पाहिले, आणि त्यांच्या अंगावर आपल्यासारखेच लहान तरंग. पृथ्वीवर एकसारख्या जाडीच्या कणांच्या कोरड्या रेतीत लहान तरंग आणि टेकड्या यांमधला हा आकार आढळत नाही. विरळ हवेत ते पाण्याखालच्या तरंगांसारखे घडतात, असे एक मत. हे लहान तरंगच वाढून मोठे होतात, असे दुसरे. त्याआधी एप्रिल २००५ मध्ये ऑपॉर्च्युनिटी गाडी अशाच एका तरंगात रुतली होती. ती जूनमध्ये सुटली.

शनीच्या टायटन या उपग्रहावर दाट हवा व कमी गुरुत्व असल्याने हलका वाराही सेंद्रिय कण हलवतो. कॅसिनी यानाच्या रडारला तिथे मोठ्या टेकड्या दिसल्या. तरंग टिपण्याइतकी बारीक त्याची नजर नव्हती. शुक्रावर वारा मंद, पण हवा अतिशय दाट. तिथल्या टेकड्या मोजक्याच ठिकाणी आढळल्या आहेत.

नदीपात्रात रेतीवर पाण्याने उमटलेले तरंगही असतात. ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. वाऱ्याचे तरंग फार चपटे असतात, दोन माथ्यांमधले अंतर उंचीच्या पंधरापटीहून बहुधा जास्तच, आणि जाडे कण माथ्यावर साठलेले. सकाळच्या तिरप्या उन्हात, ट्रॅक्टर पात्रात उतरण्याआधी, हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो.